मौलाची मूठ

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१४ जून १९२०

मौला, सलाम.

अक्षर ओळखलंस तर बरं, नाही ओळखलंस तर खाली सही आहे. सतरा वर्षांनी लिहितोय. खुशाली विचारायला तोंड नाही, म्हणून सरळ कामाचं लिहितो.

तुझा निसार परवा मंडळात आला. दारातच ओळखला मी. चाल तुझीच, डावा खांदा जरा खाली. कॉलेजात नाव घातलंय म्हणाला आणि आपल्या ‘सोबत मंडळा’त राहण्याचा अर्ज पुढं केला. मी म्हटलं, बाबा रे, मुसलमान विद्यार्थ्यांचं वसतिगृह आता झालंय की, जागाही ऐसपैस आहे, तिकडं का जात नाहीस? तर म्हणतो, "न्हाई सर. तुमच्या वहीत पहिल्या पानावर अब्बांची सही हाय. मला हितंच ऱ्हायचंय." त्याला एवढंच ठाऊक दिसतं. बाकीचं तू त्याला काही सांगितलेलं नाहीस.

आता अडचण सांगतो. मंडळ माझ्या हातात राहिलेलं नाही. भिंतीवर संस्थापकाची तसबीर आहे आणि रविवारी तिच्याखाली मी बसतो, एवढाच माझा उपयोग. मला मतही नाही. कारभार सगळा पोरांचा. सयाजी म्हणून चिटणीस आहे. त्याला वकील व्हायचंय, त्यामुळं आत्तापासून दिसेल त्याची उलटतपासणी घेत असतो. पण नवा सभासद घ्यायची पद्धत तीच आहे, आपण दोघांनी बसवलेली. प्रत्येकाला एक जोंधळा आणि एक उडीद. माणूस हवा असेल तर कापडाखाली हात घालून तांब्यात जोंधळा टाकायचा, नको असेल तर उडीद. उरलेला दाणा तिथंच चावून गिळायचा, म्हणजे कुणी काय टाकलं ते जन्मात कळू नये. आणि एक जरी उडीद निघाला तरी माणूस परत. घरातल्या एकाचं मन मारून भाऊ आणायचा नाही, असं तूच म्हणाला होतास.

सयाजीनं चारचौघांत सांगितलंय, की निसारच्या नावाला तो उडीद टाकणार. कारण तुला माहीत आहे. एकोणीसशे तीन सालचा तो रविवार. ज्ञानूच्या नावाला एक काळा दाणा निघाला, आणि तू तुझ्या हातात उरलेला दाणा काही कुणाला दाखवला नाहीस. तेव्हापासून तो उडीद तुझाच, असं मंडळात ठरून गेलंय. नव्या पोरांना पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगतात. कुणी काही लपवायला लागला की "मौलाची मूठ उघड" म्हणतात. तुला वाईट वाटेल, पण आहे ते असं आहे.

माझं म्हणणं साधं. तू मंडळाच्या नावानं दोन ओळी लिहून धाड. तरुणपणी हातून चूक झाली, वाईट वाटतं, बस्स. पोरं मनानं मऊ आहेत. मतदान १८ जुलैला आहे, तोवर पत्र यावं. दोन ओळींनी लेकाचं काम होत असेल तर बापानं मान खाली घालायला हरकत नसावी.

मी बरा आहे. दमा आहे, पण तो आता घरचाच झालाय.

तुझा जुना सोबती,
आकाराम
संस्थापक, सोबत मंडळ


शुक्रवार पेठ
२७ जून १९२०

मौला,

कार्ड मिळालं. तीन ओळी. "निसारला घेऊ नका. मी चूक केलेली नाही. मत सांगायचं नाही अशी शपथ आहे, म्हणून ह्याउपर लिहिणार नाही."

मला राग आला. सतरा वर्षांनी माणूस आपणहून लिहितो आणि त्याला हे उत्तर. दुपारभर कार्ड हातात घेऊन बसलो होतो. चार वाजता शेजारच्या झुंबरबाई चहा घेऊन आल्या, त्यांच्यावर उगाच खेकसलो. त्या बाईंनी काय केलं होतं? मग कप तसाच निवला आणि रागही निवला.

तुझ्या डोक्यात तो दिवस कसा आहे मला माहीत नाही. माझ्या डोक्यातला लिहितो.

त्याआधी प्लेगचं साल आठवतं का? सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलेलं. आपण कॉलेजची नऊ पोरं, नऊ गावची, नऊ जातींची म्हटलं तरी चालेल. चूल एकच. कोण कुणाच्या हातचं खातो हे बघायला कुणाला सवड नव्हती. गाव परत आत आलं आणि जो तो आपापल्या आळीत गेला. तेव्हा मी तुला म्हटलं, ती चूल गावात आणू या. एवढीच माझी अक्कल. व्याख्यानं झोडणारी मंडळं तेव्हाही होती, पण एका चुलीवर जेवणारं कॉलेजात आपलंच पहिलं. नियम तू घातलेस, अक्षर माझं. एका भावाचं घर ते नऊ जणांचं घर, यात्रा असो की लग्न, सगळ्यांनी जायचं, एका पंगतीला बसायचं. आमच्या बिद्रीच्या घरी तू दोनदा जेवून गेलास. आईनं तुला घट्ट पिठलं वाढलं होतं आणि तू लाजून तिसऱ्यांदा मागितलं नव्हतंस.

मग ज्ञानू आला. मलकापूरचा, बाप पायताणं करणारा. गणितात आपल्या सगळ्यांना कोळून प्यायलेला. त्याचं नाव मीच सुचवलं. भाषणही मीच केलं, आणि चांगलं केलं. आपल्यातला कृष्णात तर टाळ्या वाजवता वाजवता उभा राहिला होता.

त्या दिवशी तुझा रोजा होता. बाकी आठ जणांनी उरलेला दाणा चावला. तू म्हणालास, "रोजा हाय. सूर्य बुडाला की खातो," आणि मूठ मिटलीस. नियम बसवताना रमजान आपल्या दोघांच्याही ध्यानात आला नव्हता, तुझ्यासुद्धा. तांब्या पालथा केला, तर आठ जोंधळे आणि एक उडीद. सगळ्यांचे डोळे तुझ्या मुठीकडं गेले. कृष्णात म्हणाला, उघड. तू नाही म्हणालास. मत दाखवायचं नाही हा नियम होता आणि तो तूच घातलेला. अध्यक्ष म्हणून मी बोललो. शब्द न् शब्द आठवतो मला.

"मौला, नियम हाय खरा. पण तुला दाखवावंसं वाटलं, तर आमी अडवणार न्हाई."

तू माझ्याकडं बघितलंस आणि मिटल्या मुठीनं बाहेर गेलास. आठ दिवसांत कॉलेज सोडलंस. पुढं कुणीतरी सांगितलं की हुबळीला रेल्वेच्या माल ऑफिसात लागलास.

आता ऐक. तो उडीद माझा होता.

लिहिलं एकदाचं. खाली बसून लिहितोय, नाहीतर बसावंच लागलं असतं. आदल्या दिवशी बिद्रीहून आमचा गडी गुंडू निरोप घेऊन आला होता. बानं सांगितलं होतं की चांभाराचा पोरगा आमच्या पंगतीला बसला तर तू आमचा नव्हंस. आक्काचं लग्न ठरत होतं तेव्हा. मी काय करणार होतो?

हे पत्र वाचून फाडून टाक. मतदानाच्या आत मी काहीतरी करतो. सयाजीला एकट्याला गाठून समजावीन, नावं न घेता.

आकाराम


मलकापूरहून परत आल्यावर
९ जुलै १९२०

मौला,

तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितो.

सयाजीला गाठलं होतं. नावं न घेता समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, नावं घेतल्याबिगर साक्ष कशी व्हायची?" वकील होणार पोरगा, नक्की होणार.

म्हणून ज्ञानूकडं गेलो. वाटलं, ज्याचं नुकसान झालं त्यानंच दोन शब्द लिहून दिले की झालं. पावसानं रस्त्याची दैना. आधी टांगा, मग बैलगाडी, हाडं खिळखिळी झाली. ज्ञानू तिथं शाळेत हेडमास्तर आहे. डोकं पांढरं झालंय, आवाज तोच, खणखणीत. मला बघून त्यानं वर्ग सोडला नाही. घंटा होईस्तोवर मी व्हरांड्यात पोरांच्या दप्तरांशेजारी बसलो.

मग त्याला सांगितलं. तुला सांगितलं तसंच, निरोपासकट. त्यानं पान लावलं, मला दिलं, आपण खाल्लं.

"मला ठावं हाय की," म्हणाला. "मतदान झाल्यावर समद्यांच्या आदी तुमी आलात माजी समजूत काढाया. डोळ्यांत पाणी आणून. तवाच वळखलं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, कुणाला सांगायचं आणि कशाला, चार दिवसांवर परीक्षा होती. मंडळाबाहेर राहून शिकलो, जरा उपास घडले, पण शिकलो. हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग तो दुसरंच बोलायला लागला. म्हणाला, तुमच्या बाची, पाटलांची, पायताणं द्यायला मी बापाबरोबर बिद्रीला गेलतो, त्याच वर्षी. पाटलांनी आमाला वसरीवर बसवून भाकरी दिली. पोरगा कॉलेजात हाय म्हटल्यावर मला घरात बोलावून वही बघितली. ते असला निरोप धाडतील असं काय मला वाटत न्हाई.

माझं पान तसंच हातात राहिलं होतं, ते मी खाली ठेवलं.

मौला, निरोप आला नव्हता. गुंडूचं नाव मी उगाच घातलं, आणि तेही तुला लिहिताना, कबुली देताना. बा जाऊन अकरा वर्षं झाली, गुंडूही गेला, म्हटलं विचारायला कोण जातंय. खरं असं आहे, की हात कापडाखाली गेला आणि मला आमचं घर दिसलं. यात्रेची पंगत, आई वाढतेय, ज्ञानू माझ्या मांडीला मांडी लावून बसलाय, आणि सगळं गाव दारात उभं राहून बघतंय. माझ्याच पोटातनं नको आलं. भाषण केलं तेही खोटं नव्हतं रे. पण ते तोंडातनं आलं होतं. उडीद सोडला आणि जोंधळा चावून गिळला, सगळ्यांच्या देखत.

तुझ्यावर आळ जाईल असं मनात नव्हतं. पण गेला तेव्हा मला हलकं वाटलं. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

पुढं सतरा वर्षं तेच. शाळेत मास्तरकी, संध्याकाळी मंडळ. आपलं घर मी पाहिलं नाही, चूल पाहिली ती मंडळाची. लोक म्हणायचे, आकाराममास्तरांनी आयुष्य वाहिलं. दर जूनला नवी पोरं यायची, तुझ्या मुठीची गोष्ट ऐकायची, आणि मी तसबिरीखाली बसून मान हलवायचो. माझी बायको, शालू, तेवढी मानत नव्हती. "मौलाभावजी असलं करायचं न्हाईत," म्हणायची. मी तिच्यावर ओरडायचो, तुला काय कळतं मंडळातलं. दोन वर्षांमागं मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. तिला सांगायचं राहून गेलं.

निघताना ज्ञानूला म्हटलं, दोन ओळी लिहून दे. तो नाही म्हणाला. म्हणाला, "मला सांगून काय करताय? खुर्चीत बसून गोष्ट ऐकलीसा, खुर्चीतनं उठून सांगा."

१८ तारखेला सांगणार आहे. निसार तेव्हा हजर असेल. त्याच्यासमोरच सांगतो.

आकाराम


शुक्रवार पेठ
१९ जुलै १९२०

मौला,

काल सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, काही गाळलं नाही. उडीद माझा, निरोप नव्हता, तुझा रोजा, मी तुला काय म्हणालो, सतरा वर्षं गप्प बसलो, सगळं. दम लागत होता म्हणून खुर्चीची पाठ धरून उभा होतो. एकवीस पोरं मांडी घालून बसलेली, निसार दाराजवळ, आत बोलावलं नव्हतं म्हणून चपलांशेजारी. माझी तयारी होती. तसबीर काढतील, कदाचित अंगावर येतील. घरून निघताना झुंबरबाईंना सांगून निघालो होतो की आज लवकर परत येईन.

बोलणं संपलं. मग सयाजी उठला. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता.

तो पोरांकडं वळला आणि म्हणाला, "सरांनी आज आपल्याला भाऊपण म्हंजे काय ते दाखवलं. मित्राच्या लेकासाठी त्यांनी मित्राचा कलंक आपल्या कपाळाला लावून घेतला."

आणि टाळ्या, मौला. पोरं उठून उभी राहिली, कृष्णात त्या दिवशी राहिला होता तशी.

मी ओरडलो. म्हटलं, अरे, खरं सांगतोय मी, कलंक माझाच आहे. तर एकजण रडायलाच लागला. जितकं ओरडावं तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत चाललो. ज्ञानूची साक्ष काढली, तर म्हणाले, ज्ञानूगुरुजीही थोरच. सयाजीनं माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं आणि शांतपणे समजावलं, की सर, नाव तुम्ही सुचवलं, भाषण तुम्ही केलं, मग उडीद तुम्ही कशाला टाकाल? कोर्टातसुद्धा हे टिकणार नाही. त्याला मी काय सांगू? मलाच इतकी वर्षं त्याचं उत्तर धड देता आलेलं नाही.

मतदान झालं. एकवीसच्या एकवीस जोंधळे. सयाजीनं तिथंच जाहीर केलं, की मंडळाला वीस वर्षं झाली त्याचं पुस्तक निघतंय, त्यात हा प्रसंग पहिल्या प्रकरणात घालायचा. मी घालू देणार नाही म्हटलं. त्यावर पुन्हा टाळ्या.

निसारला पुढं बोलावलं. नव्या सभासदानं चार शब्द बोलायचे असतात. पोरानं मान वर केली नाही. म्हणाला, "अब्बांच्या हातनं जे झालं, ते माज्या हातनं कदी व्हायचं न्हाई. मी फेडीन ते." आणि खाली बसला. पोरांनी त्याला मिठ्या मारल्या.

मौला, तुझं पोरगं तुझ्या नावानं खाली मान घालून आत आलं, आणि ती मान मी घालायला लावली. तू निसारला घेऊ नका म्हणून लिहिलंस तेव्हा मी ऐकायला हवं होतं.

आज सकाळी त्याला घरी बोलावलं. समोर बसवलं. शालूच्या फोटोची शपथ घेतली, दोनदा सांगितलं, हळू आवाजात, मास्तर पोराला गणित सांगतो तसं एकेक पायरी. त्यानं सगळं नीट ऐकलं. मग उठला आणि माझ्या पायांना हात लावला. म्हणाला, "सर, अब्बांसाठी तुमी एवढं खोटं बोललात. मी विसरायचा न्हाई. पण मला खोटं नको. बाप हाय तो माजा, चुकला असंल तरी माजाच हाय."

त्याला जेवायला थांब म्हटलं, तर वर्ग आहे म्हणून गेला. मी अजून तिथंच बसलोय.

माझ्याच्यानं आता होत नाही. तुझ्या शपथेतनं तुला मोकळं करायचा अधिकार मला आहे का, ठाऊक नाही. संस्थापक आहे म्हणतात, तर आहे असं धरून चाल. मंडळाला सांगू नकोस, सयाजीला नको, मला तर नकोच. बायकोलाही सांगितलं नसशील आजवर, मी ओळखतो तुला. पण ह्या एकाला सांग.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगं हुबळीला येईल. येताना तुला माफ करायच्या तयारीनं येईल, मौला. त्याला दारातच थांबव आणि सांग.

आकाराम